शब्दबोध : काउन्सिल आणि काउन्सेल



करमाळ्यात 'काउन्सिलर' म्हटले की नगर परिषदेचा नगरसेवक डोळ्यांसमोर येतो. पाण्याचा नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा अशा कामांसाठी आपण त्याच्याकडे जातो. पण शाळेतून 'मुलाला काउन्सेलरकडे न्या' असा निरोप आला, तर तो माणूस वेगळा : समुपदेशक. उच्चार जवळजवळ एकच, आणि मराठीत लिहिताना आपण दोघांनाही सर्रास 'कौन्सिलर' करून टाकतो. इंग्रजीत मात्र पहिल्या शब्दाच्या मध्ये 'सी' आहे, दुसऱ्याच्या मध्ये 'एस'.

हा एका अक्षराचा फरक लॅटिनमधला आहे. 'कोन्चिलियुम' म्हणजे बोलावून भरवलेली सभा. 'कोन्सिलियुम' म्हणजे विचारविनिमय, सल्ला. इंग्रजांनीही बराच काळ दोहोंची सरमिसळ केली, तेव्हा आपण फार ओशाळायला नको. पहिल्या अर्थाने दुसरी व्हॅटिकन परिषद (1962-65) ही काउन्सिल, आणि आपली नगर परिषदही. सभा ठराव करते. तो बांधून ठेवतो. सल्ला तसा बांधत नाही. दहा आज्ञा सर्वांसाठी आहेत. पण व्रतस्थांचे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकपणा यांना ख्रिस्तसभा 'काउन्सेल' म्हणते, कारण ते स्वेच्छेने स्वीकारायचे असतात. पवित्र आत्म्याच्या सात दानांत आहे तेही काउन्सेलच.

घोटाळा होतो तो घरात. आईवडील मुलाला समुपदेशकाकडे नेतात आणि सांगतात, "याला जरा दम द्या, सायन्सलाच जा म्हणावं." म्हणजे त्यांना हवा असतो ठराव! समुपदेशक ऐकून घेतो, प्रश्न विचारतो, गुंता सोडवायला हात देतो. निर्णय त्याचा नसतो. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यातही समुपदेशकांची तरतूद आहे, पण निकाल देतात न्यायाधीश. भर म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या जागावाटपालाही 'कौन्सिलिंग' म्हणतात, त्यामुळे मुलांना ते फॉर्म भरण्याचेच काम वाटते.

समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, आणि शिक्षाही नव्हे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत एखादे लेकरू जेवेनासे, बोलेनासे झाले, तर चार नातेवाईक जमवून त्याच्यावर सभा भरवू नका. केंद्र सरकारने 2022 मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. क्रमांक मुलांनाही लिहून द्या.