धाप लागली की आधी पेटी उघडा

पोरांनो, चाळीसगाव स्टेशनवरून गाडीत बसून मुंबईला गेलेली आपली कितीतरी माणसं निवृत्त होऊन गावी परतली आहेत. त्यातल्या कुणी ब्रेक लायनिंगच्या किंवा सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात काम केलं असेल, वाफेच्या नळ्यांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली असेल, आणि आता जिना चढताना त्याला दम लागत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. ॲस्बेस्टॉसची ही धूळ छातीत गेल्यावर रोग दिसायला दहा-वीस वर्षं जातात. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर तर तीस-चाळीस वर्षांनीही उठतो. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो आणि घरातले कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलेले असतात. भरपाई बुडते ती इथे.

म्हणून आधी पेटी उघडा. पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, पगारपत्रक, युनियनची पावती, ग्रॅच्युइटीचा हिशेब, जे सापडेल ते बाजूला काढा. ज्यावर कंपनीचं नाव, खातं आणि साल आहे तो कागद सगळ्यात मोलाचा. कागदच नसतील तर त्याच खात्यातले जुने सोबती गाठा आणि ते हयात आहेत तोवर प्रतिज्ञापत्र करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 च्या निकालात कारखान्यांना बजावलं आहे की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षं, यात जे उशिरा संपेल तोवर जपायची. ती नोंद लेखी मागा, पोच घ्या.

मग डॉक्टर. आपल्याकडे धाप म्हणजे दमा नाहीतर टीबी, अशीच चिठ्ठी मिळते. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीच्या विभागात जा आणि तोंडाने स्पष्ट सांगा: अमुक साली, अमुक खात्यात, इतकी वर्षं ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलं. ते केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय उठू नका. एक्स-रे, सीटी, फुंकण्याची तपासणी, सगळ्याच्या प्रती ठेवा. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉकही जपून ठेवायला सांगा. माणूस गेल्यावर वारसांना तेच उपयोगी पडतं.

दावा कुठे? ईएसआयचा विमा होता तर ईएसआयकडे. नव्हता तर 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. भरपाई दोन्हीकडून एकदम मिळत नाही. नुकसानभरपाईच्या कायद्यातली मोठी सोय अशी की मुंबईला खेटे घालायची गरज नाही, राहत्या जागेच्या हद्दीत अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. उशीर झाला असेल तर कारण लिहून माफी मागा, पण घरी बसू नका.

काही कारखान्यांच्या मागे परदेशी कंपन्या होत्या, म्हणून आता परदेशी निधीचं. अमेरिकेत जॉन्स-मॅनव्हिल ही कंपनी 1982 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 1988 पासून तिच्या पीडितांसाठी विश्वस्त निधी चालू झाला. घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो ही मूळची इंग्लंडच्या टर्नर अँड न्यूअलची. 1998 मध्ये ती मूळ कंपनी फेडरल-मोगलने घेतली, 2001 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला, पुढे तिच्याही दाव्यांसाठी निधी उभा राहिला. म्हणून तुमच्या कारखान्याच्या मागे कोणती परदेशी कंपनी होती ते आधी शोधा, आणि भारतातला दावा घेतात का हे निधीलाच लेखी विचारा. हे निधी मान्य रकमेचा थोडाच टक्का देतात, तेव्हा लाखो डॉलरची गोष्ट करणाऱ्या दलालाला आगाऊ पैसे देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही. आणि कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बाईलाही धाप असेल तर तिचीही छाती तपासा. आपला कायदा तिला कामगार मानत नाही, पण अमेरिकेतले काही निधी तिचाही दावा घेतात.

या आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्याजवळ बसा आणि त्याने कुठे, कोणत्या खात्यात, कोणत्या सालापासून काम केलं ते त्याच्याच तोंडून वहीत उतरवून घ्या.