डाळीला वेळ द्यावा, पिठाला देऊ नये

कळवण,
चैत्र शुद्ध दशमी

चि. माई,

तुझा निरोप ताईकडून कळला. वडे वरून करपले, आत कच्चे राहिले, आणि दह्यात घातल्यावर दोन तासांनीही दगडासारखेच होते. अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या, दुसऱ्या दिवशी सासरची बारा माणसं जेवायला येणार आहेत, तेव्हा या वेळी पिठात सोडा टाकावा का, असं तू विचारलंस. फोनवर सांगून भागलं असतं, पण कढईसमोर उभं राहिल्यावर ऐकलेलं आठवत नाही. म्हणून लिहून पाठवतोय. हे पत्र ओट्याजवळ ठेव.

सोडा टाकू नको. सोड्याने वडा फुगतो, पण तेल जास्त पितो, लवकर लाल होतो आणि प्रमाण जरा चुकलं की जिभेवर कडवट चव राहते. उडदाला बाहेरच्या मदतीची गरजच नाही. या डाळीत चिकटपणा आहे आणि फेटताना आत शिरलेली हवा धरून ठेवण्याचा गुण आहे. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या डाळीत तो इतका नाही. म्हणून इडलीला तांदळाबरोबर उडीद लागतोच. तुझा वडा दगड झाला तो सोडा नव्हता म्हणून नव्हे. जिथे थांबायला हवं होतं तिथे तू घाई केलीस आणि जिथे घाई करायला हवी होती तिथे थांबलीस. ताईने सांगितलं की डाळ तासभरच भिजली होती, आणि वाटलेलं पीठ मीठ घालून दुपारपर्यंत तसंच ठेवलं होतं. वड्याचा दगड तिथेच झाला.

आपल्याकडे उडीद काही परका नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तू लहानपणापासून खाल्ली आहेस. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगराकडच्या पाड्यांवर नागलीबरोबर उडीद पेरतात. पितृपक्षात पानावर उडदाचे वडे असतातच. मधल्या भोकाचा, नारळ-मिरचीच्या दह्यात मुरलेला वडा मात्र आपल्याकडे दक्षिणेतून, मुंबईच्या उडुपी हॉटेलांच्या वाटेने आला. माटुंग्याला रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं आहे. त्या भागात तरुणपणी एका हॉटेलाच्या स्वयंपाकघरात मी काम केलं आणि तिथल्या अण्णांकडून हा वडा शिकलो. पण उडदाच्या वड्याशी आपलं नातं त्याहून कितीतरी जुनं आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात उडदाच्या वड्यांचे आणि ते भिजवून मुरवण्याचे प्रकार दिले आहेत. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याला लागून. तेव्हा हा पदार्थ आपला की त्यांचा, हा वाद सासरी कुणी काढलाच तर तू त्यात पडू नको. वडे वाढ.

आता कृती. बारा माणसांना माणशी दोन वडे धरून चारशे ग्रॅम डाळ पुरते, वर दोन-चार उरतात. साल काढलेला अख्खा पांढरा उडीद मिळाला तर तोच घे. फोडलेल्या डाळीपेक्षा त्याचं पीठ जास्त हलकं होतं. डाळ नवी असावी. जुनी डाळ कितीही भिजवली तरी फुलत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धू, मग भरपूर पाण्यात भिजत घाल. या दिवसांतल्या उन्हाळ्यात तीन तास पुरतात, थंडीत चार-साडेचार लागतात. दाणा नखाने सहज तुटला की झालं. रात्रभर मात्र भिजवू नको. डाळ पाणी पिऊन सैल पडते आणि मग तोच वडा तेल पितो. हे तीन तास तू दुसरं काम कर, पण डाळीचे कमी करू नको.

भिजलेली डाळ चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेव. वाटताना खरी परीक्षा पाण्याची. दक्षिणेत हे काम दगडी रगड्यावर व्हायचं. आता कोइंबतूरचे विजेवरचे वेट ग्राइंडर सगळीकडे गेले आहेत आणि त्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दगड सावकाश फिरतो, पीठ तापत नाही आणि हवा आत मिसळत जाते. तुझ्याकडे मिक्सर आहे. त्याचं पातं पीठ तापवतं, म्हणून फ्रिजमधलं गार पाणी घे. ते चमच्याचमच्याने घाल आणि मिक्सर थांबत थांबत फिरव. चारशे ग्रॅम डाळीला सात-आठ मोठे चमचे पाणी खूप झालं. पातं अडलं की एकदम पाणी ओतायचा मोह होतो. ओतू नको. झाकण काढ, चमच्याने पीठ खालीवर कर, पुन्हा फिरव. पीठ लोण्यासारखं मऊ आणि उचललं तर चमच्याला धरून राहील इतकं घट्ट हवं.

मग ते परातीत काढ आणि हाताने एकाच दिशेने सात-आठ मिनिटं फेट. हात भरून येईल, पण सोड्याचं काम इथे तुझा हात करतो. पिठाचा रंग पांढरा होतो, ते फुगून हलकं लागतं. वाटीभर पाण्यात लहान गोळी टाकून बघ. तरंगली तर पीठ तयार, बुडाली तर आणखी फेट. ही खूण कधी फसवत नाही.

इथून पुढे थांबायचं नाही. पीठ तयार होण्याआधीच कढईत तेल तापत ठेवलेलं असू दे. आल्याचे बारीक तुकडे, हिरवी मिरची, कढीपत्ता, भरड मिरे, आवडत असतील तर ओल्या खोबऱ्याचे काप, हे सगळं चिरून हाताशी असावं. मीठ सर्वांत शेवटी, तळायच्या क्षणी. मीठ पिठातलं पाणी बाहेर काढतं, पीठ पातळ होतं आणि वडा हातावर बसत नाही. सैल पडलंच तर चमचाभर तांदळाची पिठी घाल, जास्त नको. आणि हे इडलीचं पीठ नाही, ते आंबवायचं नसतं. तासन्‌तास ठेवलेलं पीठ आंबट होतं, धरलेली हवा सोडतं आणि तळताना तेल ओढतं.

तेल शेंगदाण्याचंच घे, आपल्या घरात ती चव बसलेली आहे. आच मध्यम. पिठाचा ठिपका टाकला की तो तळाशी जाऊन बुडबुडे सोडत सावकाश वर यायला हवा. झटकन वर येऊन लाल झाला तर तेल फार तापलंय. गेल्या वेळी तुझे वडे त्यामुळेच वरून करपले आणि आत कच्चे राहिले. खालीच बसून राहिला तर तेल अजून थंड आहे. तळहात पाण्याने ओला कर, लिंबाएवढा गोळा घे, थोडा चपटा कर, अंगठ्याने मधे भोक पाड आणि कढईच्या कडेने अलगद सोड. भोक पाडलं की मधला भागही कडेइतकाच शिजतो. हात जमत नसेल तर ओल्या केळीच्या पानावर किंवा ओल्या फडक्यावर थापून सोड. वडा वरून टाकू नको, तेल उडतं. कढईत गर्दी करू नको. एका घाण्यात चार-पाचच सोड, नाहीतर तेल एकदम निवतं. एक बाजू उचलून आली की झाऱ्याने उलट, आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळ. इथे पुन्हा धीर लागतो. रंग सोनेरी झाला म्हणून लगेच काढू नको. बुडबुडे चालू आहेत म्हणजे आत अजून ओल आहे.

तळलेले वडे दोन मिनिटं निथळू दे आणि गरम असतानाच चिमूटभर मीठ आणि हिंग घातलेल्या कोमट पाण्यात टाक. थंड झालेला वडा पाणी नीट पीत नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो फुगून जड होतो. मग दोन तळहातांच्या मधे धरून हलकेच दाब. पाणी आणि त्याबरोबर जास्तीचं तेलही निघून जातं. पिळू नको, वडा फाटतो.

दह्याची तयारी आदल्या रात्रीपासून. दोन लिटर म्हशीचं दूध तापवून बोटाला सोसेल इतकं कोमट कर आणि दोन चमचे ताजं विरजण लाव. आपल्या चैत्र-वैशाखातल्या उकाड्यात पाच-सहा तासांत दही लागतं. लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर सकाळी आंबट होईल, आणि या वड्याला आंबट दही चालत नाही. वाटीभर ओलं खोबरं, तीन-चार हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि चमचाभर जिरं बारीक वाटून घे. दही रवीने घुसळून त्यात हे वाटण मिसळ. ते थोडं पातळच ठेव, कारण वडे दही पितात आणि मग उरलेलं दाट होतं. दही बेताचं पातळ असेल तर मुरल्यावर बरोबर होतं. गोड दही आणि चिंचेची चटणी हा दुसरा प्रकार आहे. तो चांगला असतो, पण एका ताटात दोन्ही घालू नको. खोबऱ्या-मिरचीची चव साखरेखाली दबून जाते.

वडे दह्यात घातल्यावर निदान दोन तास फ्रिजमध्ये मुरू दे. फोडणी वाढायच्या जरा आधी कर. चमचाभर तेल, मोहरी, थोडी उडदाची डाळ, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता, हिंग. फोडणी जरा निवली की मग वर ओत. उकळती ओतली तर दही फुटतं. वर कोथिंबीर आणि किसलेलं गाजर घाल.

हे सगळं वाचून तुला वाटेल की केवढा व्याप. खरं तर त्यातला बराच वेळ डाळीचा आणि दह्याचा आहे. तुझा स्वतःचा तास-दीड तासच जातो, आणि त्या वेळात मात्र तुझं सगळं लक्ष कढईकडे हवं. पाहुणे आल्यावर तळत बसू नको. सकाळीच वडे करून दह्यात घाल आणि दुपारी माणसांजवळ बस. नव्या घरात लोक तुझा वडा खातीलच, पण त्यांना तुझ्याशी बोलायचंही असेल.

इथे सध्या सप्तशृंगी गडावरचा चैत्रोत्सव चालू आहे. खानदेशातून पायी येणारे भाविक देवळा-कळवणवरून नांदुरीकडे जातात आणि पहाटेपासून आपल्या दुकानापुढे थांबतात. उन्हात चालून आलेल्या माणसाला गार दहीवडा दिला की त्याचा चेहरा खुलतो. म्हणून या दिवसांत मी पीठ थोडं थोडं वाटतो आणि दर घाण्याला नवं फेटतो. एकदम सगळं वाटून ठेवलं तर माझं काम सोपं होईल, पण शेवटच्या माणसाला पहिल्यासारखा वडा मिळणार नाही. तुझ्या घरातही शेवटी जेवायला बसणाऱ्याचा वडा पहिल्याइतकाच चांगला असावा. तो शेवटचा माणूस बहुधा तूच असशील.

आखाजीला अजून जवळजवळ तीन आठवडे आहेत. पहिल्या रविवारी दोनशे ग्रॅम डाळीचे वडे फक्त घरच्यांसाठी कर. पुढच्या रविवारी पुन्हा कर आणि त्या वेळी सासूबाईंना बरोबर घे. त्यांच्या हाताचं काही वेगळं असेल तर तेही शीक. प्रत्येक वेळी वाढण्याआधी एक वडा मधून तोडून बघ. आत पांढरी जाळी दिसली आणि मधोमध ओला गोळा नसला, तर बारा काय, पन्नास माणसं निर्धास्तपणे बोलाव.

तुझा,
मामा