नाबोथाचा मळा

जांब समर्थ, ता. घनसावंगी

चि. बाळू,

मंडळीच्या पंचांत तुझं नाव आलं, हिशेबाची वहीही तुझ्याकडेच आली, असं ताईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला, अन् जरा धाकधूकही.

शौल, दावीद, शलमोन कुठं घसरले ते तू संडे स्कूलात पाठ केलंयस. मी शेतकरी माणूस, मला इस्राएलाचा राजा अहाब जास्त कळतो. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा २१ वा अध्याय पुन्हा काढ.

राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. राजाला तो हवा कशाला? तर भाजीपाला लावायला! आपल्या जिल्ह्यात कडवंचीचा कुणीही बागायतदार कपाळावर हात मारील. द्राक्षबाग उभी करायला वर्षं जातात, मेथी महिनाभरात निघते. २०१२-१३ च्या दुष्काळात इकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा स्वतःच्या हातानं झाडं तोडून माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी बसली होती. म्हणून नाबोथानं वाडवडिलांचं वतन द्यायला नकार दिला, तो मला हट्ट वाटत नाही.

आता अहाबाकडं बघ. त्यानं आधी रीतसर बोलणी केली. याहून चांगला मळा देतो, नाहीतर पैसे घे, म्हणाला. नकार आल्यावर तोंड फिरवून, न जेवता पडून राहिला. मग त्याची राणी ईजबेल हिनं त्याच्या नावानं पत्रं लिहिली, त्याचाच शिक्का मारला. गावात उपास पुकारला, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी ठार केलं. अहाबानं यात एक अक्षर लिहिलं नाही. माझा शिक्का कशाला लागतोय, एवढंही त्यानं विचारलं नाही. नाबोथ मेला म्हटल्यावर उठला आणि थेट मळ्याचा ताबा घ्यायला निघाला.

बाळू, तसला शिक्का आता तुझ्या खिशात आहे. तरुणपणी मीही एका मंडळीच्या कमिटीत होतो. एक ठराव पुढं आला, 'इथं सही करा' म्हणाले, मी केली. वाचला नाही; जेवायची वेळ झाली होती. वर्षभरानं कळलं, आवाराची एक पट्टी एका व्यापाऱ्याला नाममात्र भाड्यानं गेली होती. ती विहिरीकडची होती.

जमिनीवरून आणखी एक आठवलं. तू जालन्याला राहतोस, तिथून जवळच्या बेथेलची गोष्ट तुला माहीतच आहे. १८४३ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून ते गाव वसवलं. शास्त्रातल्या बेथेलात मात्र यराबाम राजानं सोन्याचं वासरू उभं केलं. येरुशलेमेला जाणं तुम्हाला जड पडतं, असं तो लोकांना म्हणाला. खरी भीती लोक हातचे जातील याची होती. मंडळीत कुणी फार सोयीचं बोलू लागला की मला हे आठवतं.

पुन्हा अहाबाकडं येतो. त्यानं पुढं गोणपाट नेसून उपास केला, म्हणून नाबोथाच्या खुनाबद्दल देवानं ठरवलेली शिक्षा त्याच्या मुलाच्या काळावर ढकलली गेली. त्या मुलाचं, योरामाचं, प्रेत नाबोथाच्याच शेतात टाकलं. ते वाचून मी आमच्या पोरांकडं बघतो.

कसलाही कागद पुढं आला तर सही करण्याआधी फोन कर, रात्र झाली तरी चालेल. ताईला सांग, मोसंबी उतरली की गोणी पाठवतो.

तुझा,
मामा