झोनल जिंकली, झोनने घालवली

झोनल स्पर्धा जिंकल्यामुळे आम्ही जरा चढलोच होतो. विद्यापीठाच्या खेळांत कॉलेजांचे झोन पाडलेले असतात आणि आपल्या झोनमध्ये पहिला आलेला संघ पुढे इंटरझोनलला जातो. तिथे उपांत्यपूर्व सामन्यात आम्हाला घरी पाठवलं ते दुसऱ्याच झोनने. माझं शेवटचं वर्ष होतं. कर्णधार मी, आणि संघातला शूटर म्हणून मिरवणाराही मीच.

समोर तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज. सातच पोरं आलेली. एकाच्या बुटाचा तळ चिकटपट्टीने बांधलेला. सहा फुटांच्या वर एकटाच. वॉर्म-अपला आमची पोरं त्यांच्याकडे बघून हसत होती, मीही हसलो.

सामना सुरू झाला आणि त्यांनी पुढे दोन, मागे तीन असा झोन लावला. ज्यांचा बास्केटबॉलशी फार संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅन टू मॅनमध्ये प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा आणि तो जाईल तिथे जायचं. झोनमध्ये माणूस नाही, जागा धरायची. शेताच्या राखणीला बसावं तसं. चोर कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही, माझ्या बांधाच्या आत आला की तो माझा.

पहिल्या दोन मिनिटांत मी लांबून दोन थ्री मारले आणि दोन्ही पडले. तिथेच आमचा घात झाला. मला वाटलं, हे आपल्याला मोकळं सोडतायत. सोडतच होते! सात पोरांना पळून दमणं परवडणारं नव्हतं, आणि लांबून मारणाऱ्याचा हात शेवटपर्यंत चालत नाही हे त्यांच्या सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. उघडं सिमेंटचं कोर्ट, त्यावर संध्याकाळचं आडवं वारं. त्यानंतर मी सात थ्री मारले. पाच रिंगला लागून बाहेर आले, दोन तर बोर्डापर्यंतही पोचले नाहीत. बाकावरच्या एका पोराने वहीत रेघा मारून ठेवल्या होत्या, म्हणून आकडे लक्षात आहेत. दुसऱ्या क्वार्टरच्या दहा मिनिटांत आमचे सगळे मिळून गुण झाले पाच.

टाइम आउटला सर ओरडले, "अरे उभे काय राहताय? पळा ना!"

आम्ही पळालो. इकडून तिकडे कट मारले, एकमेकांना स्क्रीन लावल्या, घामाघूम झालो. त्यांची पाच पोरं हात पसरून जागच्या जागी. मॅन टू मॅनमध्ये तुम्ही पळालात की तुमच्या मागे एक जण ओढला जातो आणि त्याची जागा रिकामी होते. आमचं सगळं आक्रमण त्यावरच उभं होतं. झोनमध्ये तुमच्या मागे कुणी येतच नाही. तुम्ही एकाच्या हद्दीतून निघून दुसऱ्याच्या हद्दीत जाता, बस. त्यांना हलवतो तो फक्त बॉल, आणि बॉल आमच्याकडे तीन-तीन ड्रिबल एकेकाच्या हातात रुतून बसलेला. हे सगळं मला त्या संध्याकाळी समजलं असतं तर लिहायला काही उरलंच नसतं. कळायला तीनेक वर्षं लागली, तीही मुलांना शिकवायला लागल्यावर.

आमची दुसरी चूक आमच्या सगळ्यात उंच पोराची. त्याला आम्ही रिंगखाली उभा केला, कारण उंच पोराला तिथेच उभा करायचं असतं अशी आमची समजूत. आक्रमण करणाऱ्याला रिंगखालच्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. तो आत-बाहेर करत राहिला, दोनदा शिट्टी खाल्ली. त्यांचा उंच पोरगा मात्र चारही क्वार्टर तिथे निवांत उभा. आजची मुलं मोबाइलवर एनबीए बघून तसं खेळू पाहतात, म्हणून हे नीट ध्यानात घ्या. एनबीएत बचाव करणाऱ्यावरही तीन सेकंदांचं बंधन आहे. २००१-०२ च्या मोसमात तिथे झोनला परवानगी मिळाली, तेव्हाच ते आलं. आपण फिबाच्या नियमांनी खेळतो आणि त्यात हे बंधन नाही. तिथला मोकळा रस्ता आपल्याकडे मिळत नाही.

मग झोन फुटतो कुठे? मध्ये. फ्री थ्रोच्या रेषेपाशी, पुढच्या दोघांच्या पाठीमागे आणि मागच्या तिघांच्या तोंडासमोर, कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली एक पट्टी असते. तिथे बॉल पोचला की पुढच्यांना मागे वळावं लागतं, मागच्यांना पुढे यावं लागतं, आणि मग कोपऱ्यातला तुमचा गडी खरोखर मोकळा होतो. मी मारलेले थ्री बॉल आत न जाताच बाहेरून मारलेले होते. आत जाऊन बाहेर आलेल्या पासवर मारलेला थ्री तेवढ्याच अंतरावरून असतो, पण पाय रोवायला वेळ मिळतो. त्या मधल्या जागी संघातला सगळ्यात उंच पोरगा उभा करू नका, सगळ्यात शहाणा करा. ज्याला बॉल हातात येण्याआधी पाठीमागचं दिसतं असा. माझ्या आत्ताच्या संघात ते काम पाच फूट आठ इंचाचा पोरगा करतो.

उंचाला बेसलाइनच्या बाजूला, झोनच्या पाठीमागे लपवा. झोनमधल्या प्रत्येकाचे डोळे बॉलवर असतात, पाठीमागे बघायला कुणाला सवड नसते. म्हणूनच झोनसमोर खोटा पास फार कामाला येतो. नुसते हात दाखवले तरी दोघे सरकतात. ड्रिबल करायचंच असेल तर दोघांच्या मधल्या फटीत करा, म्हणजे दोघेही तुमच्यावर येतील आणि एक जण सुटेल. शॉट मारल्यावर रिबाउंडला धावा, कारण झोनमध्ये कोणी कुणाला अडवायचं हे ठरलेलं नसतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे झोन लागायच्या आतच पलीकडे पोचा. २४ सेकंदांतले आठ आम्ही अर्धं कोर्ट ओलांडण्यातच घालवत होतो, रमतगमत.

अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दोन-तीनच्या झोनचं नाव निघालं की सिराक्यूज विद्यापीठ आणि त्यांचे २०२३ पर्यंतचे प्रशिक्षक जिम बोहाइम यांचं नाव निघतंच. २००३ ची अंतिम लढत त्यांनी कॅन्ससविरुद्ध ८१-७८ अशी जिंकली. शेवटच्या क्षणी कॅन्ससच्या खेळाडूला कोपऱ्यात मोकळा थ्री मिळाला असं वाटत असतानाच झोनच्या आतल्या भागातून हकीम वॉरिक झेपावला आणि त्याने तो अडवला. कोपरा मोकळा दिसतो, असतोच असं नाही. पण मी मुलांना त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट सांगतो. कॅन्ससने त्या रात्री ३० पैकी १२ फ्री थ्रो घातले. फ्री थ्रोच्या रेषेवर ना झोन असतो ना मॅन टू मॅन. अठरा गेले, आणि सामना गेला तीन गुणांनी.

आमची स्कोअरशीट मी परतीच्या एसटीत उघडली होती. पिवळी प्रत, कारण गुलाबी जिंकणाऱ्याला मिळते आणि पिवळी हरणाऱ्याला. त्यांच्या फाउलांपुढचे आकडे मोजले. आम्हाला १४ फ्री थ्रो मिळाले होते. घातले सहा. हरलो सात गुणांनी. गाडीत सगळे झोनला शिव्या घालत होते. मी घडी घालून कागद खिशात ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही, कारण त्या आठांतले तीन माझे होते.

आता दर मंगळवारी आमच्या सरावात पहिली वीस मिनिटं ड्रिबल बंद. पाच पोरं झोन लावतात, पाच तो फोडतात, मग अदलाबदल. अदलाबदल महत्त्वाची. आम्ही कॉलेजमध्ये स्वतः कधी झोन लावलाच नव्हता, त्यामुळे तो लावणाऱ्याचा पाय कधी आणि कुठे जड होतो हे आम्हाला माहीत नव्हतं. सुरुवातीला मुलं वैतागतात. "सर, बोअर होतं" म्हणतात. होऊ दे. शेवटी प्रत्येकाने दमलेल्या पायांनी दहा फ्री थ्रो मारायचे आणि वहीत लिहून घरी जायचं.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा झोनल जिंकली. इंटरझोनलला पहिल्याच सामन्यात समोरच्यांनी झोन लावला, आणि तो दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांना काढावा लागला. दुसरा सामना आम्ही हरलो. मॅन टू मॅनसमोर.