तक्त्याबाहेरचे जीव

अगं सोनू, 'वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी' हा तक्ता घोकत बसली असशील ना? पाठ कर बाई, मार्क त्यालाच आहेत. पण त्याच्या भरवशावर पुढचा प्रोटिस्टांचा धडा उघडू नकोस. ती मंडळी त्या तक्त्याच्या एकाही रकान्यात मुकाट बसत नाहीत.

आधी पेशीचं बघू. पुस्तकातल्या आकृतीत भित्तिका, रिक्तिका, केंद्रक, हरितलवकं सगळं एकाच पेशीत कोंबलेलं असतं. प्रॅक्टिकलला कांद्याचा पापुद्रा स्लाइडवर नीट पसर, आयोडीनचा थेंब टाक आणि बघ. लांबट पेशी ओळीने चिकटलेल्या दिसतील. केंद्रक कडेला सरकलेलं असेल, कारण मधली जागा रिक्तिकेने अडवलेली असते. हरितलवक मात्र एकही सापडणार नाही. कांद्याच्या आतल्या पाकळ्यांचं काम साठवणीचं, त्यांना उजेडाशी काय देणंघेणं? तरी जर्नलमध्ये पुस्तक बघून हिरवे ठिपके काढणाऱ्या मुली असतातच. तू त्यांच्यात जाऊ नकोस. हिरवे ठिपके बघायचेच असतील तर हायड्रिलाचं कोवळं पान घे. ते इतकं पातळ असतं, की कापायचीही गरज नाही. थोडा वेळ उजेडात ठेवून धीराने बघत राहा, हरितलवकं पेशीच्या कडेकडेने फिरायला लागतात. खरं तर फिरतं ते पेशीद्रव्य, हरितलवकं त्याच्यासोबत वाहत जातात.

आता प्रोटिस्टा. व्हिटेकरने 1969 साली पाच सृष्टी मांडल्या, त्यातली ही एक. आईचा सुटी बटणं, सुया, चाव्या टाकायचा डबा असतो ना, तसलाच प्रकार. आतल्या वस्तूंचं एकमेकींशी नातं नसतं, दुसरीकडे जागा नाही म्हणून एकत्र. त्यामुळे प्रोटिस्टांची समान लक्षणं पाठ करायला गेलीस, की 'केंद्रक असतं' यापुढे फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: तुझ्याकडचा हा भाग आला कुठून?

युग्लिनापासूनच सुरुवात कर. हरितलवक आहे, पण भित्तिका नाही. उजेडात स्वतःचं अन्न बनवते, अंधारात बाहेरचं शोषून घेते. वनस्पती म्हणावी की प्राणी? हरितलवकाभोवतीची पटलं मोज, म्हणजे उलगडेल. वनस्पतीत ती दोन असतात, युग्लिनात तीन. वनस्पतींच्या पूर्वजाने प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू गिळला आणि तो आतच नांदला. युग्लिनाच्या पूर्वजाने तर आख्खं हिरवं शैवालच गिळलं, म्हणून तिच्यात एक पटल जास्त. हरितलवक मुळात बाहेरून आलेला पाहुणा, हा विचार लिन मार्ग्युलिसने 1967 साली नव्याने मांडला. तिचा लेख त्याआधी बऱ्याच नियतकालिकांनी साभार परत केला होता, हेही लक्षात ठेव.

याहून गंमत मलेरियाच्या परजीवीची. रक्तात राहणारा हा जीव, पण त्याच्याही पोटात जुन्या लवकाचा अवशेष आहे, एपिकोप्लास्ट. रंग गेला, प्रकाशसंश्लेषण गेलं, तरी त्याच्यावाचून परजीवीचं चालत नाही. मुळात हा एपिकोप्लास्ट जीवाणूच्याच वंशातला, म्हणून डॉक्सिसायक्लिनसारखं जीवाणूंवरचं औषध तिथे लागू पडतं.

आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही हं. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला विचार, भुरी आणि डाऊनी हे वेलीवरचे रोग त्याच्या लेखी दोन वेगळे शत्रू. भुरी ही खरी बुरशी. डाऊनी बुरशीसारखी दिसते, पण ती ऊमायसीट नावाच्या प्रोटिस्टांपैकी. तिच्या भित्तिकेत वनस्पतींसारखं सेल्युलोज असतं, आणि बुरशीच्या पटलात असतं ते एर्गोस्टेरॉल ती बनवत नाही. ट्रायझोल गटातली औषधं नेमकी एर्गोस्टेरॉलवरच घाव घालतात, म्हणून ती भुरीवर चालतात आणि डाऊनीपुढे फुकट जातात. 1845 साली आयर्लंडचा बटाटा बुडवणारा जीवही डाऊनीच्याच गोतावळ्यातला.

तेव्हा असं कर. पेपरात व्हिटेकरच लिही, तिथे शहाणपणा नको. पण वहीत प्रत्येक प्रोटिस्टापुढे तीन गोष्टी टिपून ठेव: भित्तिका कशाची, लवक आहे का, असल्यास पटलं किती. 'नीट'मधले फसवे पर्याय बहुधा याच तीन जागी दबा धरून बसलेले असतात.