पक्ष्याचे व्यक्तिचित्र : एक अनुभव

माणसाचे छायाचित्र काढताना आपण त्याला "जरा इकडे बघा" असे सांगू शकतो. पक्ष्याला ते सांगता येत नाही. म्हणूनच रानातल्या पक्ष्याचे जवळून व्यक्तिचित्र टिपणे हे जितके यंत्राचे, तितकेच संयमाचे काम आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माझ्या मामांचा कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरची लेन्स घेऊन मी गेले वर्षभर हा उद्योग केला. त्यातून जे शिकले, ते येथे मांडते.

नवशिक्याने सुरुवात वेड्या राघूपासून करावी. हिरव्या अंगाचा, डोळ्यावरून काळी रेघ गेलेला, शेपटीतून दोन बारीक पिसे बाहेर आलेला हा पक्षी तारेवर किंवा वाळक्या फांदीवर बसतो, हवेत झेप घेऊन किडा पकडतो आणि बहुधा त्याच जागी परत येतो. मधमाशी असेल तर फांदीवर आपटून, घासून तिची नांगी काढून टाकतो. त्याच्यामागे धावावे लागत नाही. त्याची बैठक हेरावी आणि सकाळचे कोवळे ऊन पाठीशी घेऊन थांबावे.

डोळा हा व्यक्तिचित्राचा प्राण होय. फोकस तेथेच हवा. याच लेन्सने एफ ५.६ या छिद्रावर सहा मीटरवरचा पक्षी टिपताना स्पष्ट उमटणारी खोली वीतभरही नसते. फोकस पंखावर गेला की डोळा पुसट होतो. पक्षी मान सारखी फिरवतो, म्हणून शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवावा. मागची झाडी दूर असेल अशी जागा धरली, की पार्श्वभूमी आपोआप विरघळते.

संगणकावरच्या संपादनात हात आखडता ठेवावा. उजेड थोडा सावरावा, अंधारातले दाणे कमी करावेत, धार फक्त डोळा व चोच यांना द्यावी. हिरवा रंग भडक केला तर चित्र उठून दिसते खरे. पण पक्षी खरा राहत नाही.

आता माझी चूक सांगते. उन्हाळ्याच्या तोंडाशी नदीकाठच्या दरडीजवळ मला चोचीत चतुर धरलेला वेडा राघू दिसला. तो समोरच्या काटकीवर वीस मिनिटे तसाच बसून राहिला. मी मनसोक्त फोटो काढले. त्यांतला एक महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. सर्वांनी वाहवा केली. पक्षी इतका वेळ किडा गिळत का नव्हता, हा प्रश्न मात्र मला पडलाच नाही.

पुढे वाचनात आले, की वेडा राघू दरडीत आडवे बीळ कोरून घरटे करतो. पुण्याच्या मिलिंद वाटवे व सहकाऱ्यांनी २००२ साली या पक्ष्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरट्यापासून माणूस तितक्याच अंतरावर असला, तरी त्याला घरटे दिसत असेल तेव्हा पक्षी आत जायला अधिक कचरतो, असे त्यात आढळले. माझ्या मूळ फोटोत खाली कोपऱ्यात बिळाचे तोंड दिसत होते. चौकट कापताना मीच ते काढून टाकले होते! तो पक्षी माझ्यासाठी बसला नव्हता; मी तेथून उठण्याची वाट पाहत बसला होता. आत पिल्ले असतील, तर ती तेवढा वेळ उपाशी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. मी तो फोटो प्रदर्शनातून परत घेतला.

संपादनाचा खरा उपयोग मला त्यानंतर कळला. मामांच्या कॅमेऱ्यातले चित्र ६००० बाय ४००० बिंदूंचे असते. सहाऐवजी बारा मीटरवरून टिपले आणि चौकट दोन्ही बाजूंनी निम्मी केली, तरी ३००० बाय २००० बिंदू उरतात. इंचाला ३०० बिंदू धरले, तर दहा इंच रुंदीची छपाई त्यातून सहज होते. म्हणजे कात्री चालवायचीच, तर पक्ष्यापासून दूर राहता यावे म्हणून चालवावी.

या छंदाकडे वळणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगते : पक्षी चोचीत चारा धरून घोटाळत असेल, तर कॅमेरा खाली घ्या आणि मागे सरका. मी आता तसेच करते.