मुलाचा ताबा : निकाल लागला, पण कायमचा नव्हे



पतिपत्नी विभक्त झाली की मूल कुणाकडे राहील याचा निर्णय न्यायालय देते. कागदावर शिक्का बसला की आपण म्हणतो, 'आता यात बदल नाही.' हे खरे आहे का? आज समजून घेऊ या.

१. कायदा काय म्हणतो?
ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. निकालानंतरही मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी न्यायालयाकडे अर्ज करण्याची सोय त्यात आहे. १९७३ साली एका ख्रिस्ती दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ताब्याचे आदेश त्या वेळच्या परिस्थितीपुरते असतात. परिस्थिती बदलली आणि मुलाच्या हितासाठी गरज असली, तर ते बदलता येतात. दोघांच्या संमतीने झालेले आदेशसुद्धा.

२. बदल कशासाठी?
तान्ह्या बाळाच्या गरजा वेगळ्या, बारा वर्षांच्या मुलाच्या वेगळ्या. एखादा पालक आजारी पडतो, परगावी जातो. पण तेवढ्याने ताबा बदलत नाही. मुलाचे भले कशात आहे ते दाखवावे लागते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार जाणत्या वयाच्या मुलाची इच्छाही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. मात्र रागाच्या भरात मुलाला शाळेतून परस्पर घेऊन जाणे किंवा ठरलेली भेट बंद करणे, हा मार्ग नव्हे. वकिलाचा सल्ला घेऊन रीतसर अर्ज करावा.

३. ख्रिस्तसभा काय सांगते?
१९८३ च्या धर्मसंहितेतील ११५४ वा नियम सांगतो, की पतिपत्नी विभक्त झाल्यावरही मुलांचे पोषण व शिक्षण यांची योग्य तरतूद नेहमी झाली पाहिजे. 'नेहमी' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा सही केली म्हणून आईबापांची जबाबदारी संपत नाही.

४. आपण काय करावे?
भेटीचा दिवस रविवार असला, की मुलाचा धर्मशिक्षणाचा वर्ग बुडतो, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी अर्धी राहते. मूल कुणाकडेही असो, रविवारी त्याला मिस्साला कोण आणणार, हे दोघांनी आधी ठरवावे. आणि आपण शेजारी, नातलग? 'तुला कोण जास्त आवडते, मम्मी की डॅडी?' असे त्या लेकराला विचारायचे आपण टाळू या.

घरी विचार करू या : आपल्या ओळखीत असे एखादे मूल आहे का? या आठवड्यात आपण त्याचे ओझे थोडे हलके करू शकतो का?